मधलं पान आहे का बघा आधी

मागच्या अंकात मी बेंगळूरच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या जत्रेत, दोन दिवस जुन्या कॉमिक्सचं टेबल लावून बसल्याचं लिहिलं होतं. चार ओळी सहज लिहिल्या होत्या, खरं त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एवढे लोक घरात ट्रंका दडवून बसलेत म्हणजे! सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, जागा संपादकांनी मोजून दिलीय, म्हणून सहा पत्रं निवडली. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय (एकाने तर "बायको हा अंक वाचते" असं कारण दिलंय), त्यामुळे फक्त गावं देतो.

अण्णा, माझ्या वडिलांची शहापुरात घरच्याच पुढच्या खोलीत भाड्याने पुस्तकं द्यायची लायब्ररी होती. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली तर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे तीनशेच्या आसपास अंक, चांदोबाचे बाइंड केलेले गठ्ठे आणि थोड्या अमर चित्रकथा निघाल्या. मित्र म्हणतो बेंगळूरला ने, लाखाला जातील. मी कधी असल्या ठिकाणी गेलेलो नाही. टेबल घ्यावं का? भाव कसा लावायचा? – एक वाचक, शहापूर

लाख हा शब्द आधी डोक्यातनं काढा. मित्राने तो कुठनं आणला ते मी सांगतो, नेटवर कुणीतरी इंद्रजालमधल्या वेताळाच्या (म्हणजे फॅन्टमच्या) एका अंकाला पाच-सात हजार लावलेले असतात, ते बघून माणूस गुणिले तीनशे करतो आणि रात्रभर झोपत नाही. लावलेला भाव वेगळा आणि गेलेला भाव वेगळा हो. पाच हजार लावलेला तो अंक तीन वर्षं तिथेच लटकलाय हे कोण बघत नाही. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीटचं भावाचं पुस्तक निघतं, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघं तेच उघडून भांडतात, आपल्याकडे तसलं सगळ्यांनी मानलेलं काही नाही. इथे समोरच्याला लहानपणी तो अंक वाचायला मिळाला होता की शेजारच्याने दाखवून परत घेतला होता, यावर भाव ठरतो.

तर पहिलं काम हे, की दुपारी उजेडात पंचा टाकून बसा आणि एकेक अंक काढून त्याचं मधलं पान बघा. इंद्रजाल पिनांनी शिवलेलं असायचं, आणि अगदी मधला जो कागद असतो, म्हणजे चार पानं, तो पिनेवर नुसता लोंबकळत असतो. लायब्ररीत शंभर पोरांचे हात लागले की पहिल्यांदा तोच निघतो. गोष्ट ऐन रंगात येते, वेताळ कुणाच्या तरी जबड्यावर कवटीचा ठसा उमटवायला हात उचलतो आणि पुढचं पान उलटलं तर एकदम डायनाबरोबर बोलत उभा. अंक वरनं झकास दिसतो, हाताला जाडही लागतो, खरं आत भोक. कवटीची अंगठी राहिली बाजूला.

मी हे शिकलो ते पैसे आणि अब्रू दोन्ही घालवून. पहिल्या वर्षी मी असाच पन्नासेक अंक घेऊन गेलेलो, एकही उघडून बघितला नव्हता, आपलाच माल आहे त्यात काय बघायचं असं वाटायचं. हुबळीच्या एका पोराने इंद्रजालच्याच मॅन्ड्रेक जादूगाराचा एक अंक घेतला, कव्हर नवंकोरं, मी पण "बघा कसा ठेवलाय" म्हणून छाती फुगवून दिला. रात्री लॉजवर जेवताना त्याचा व्हॉट्सअपवर फोटो, खाली एवढंच, "अंकल, मधली चार पानं?" तिथल्या तिथे पैसे परत पाठवले, अंकही ठेवून घे म्हटलं. दुसऱ्या वर्षी तो आला, मित्राला घेऊन आला, आणि माझ्या टेबलापुढे उभा राहून अर्धा तास एकेक अंक मधनं उघडून बघत होता, मित्राला मोठ्याने समजावून सांगत होता की इथे असं बघून घ्यायचं असतं. बाजूला चार गिऱ्हाईकं उभी. माझे कान लाल. घेतले किती? दोन.

तेव्हापासून माझी पद्धत अशी, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, आत एक चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर चांगलं काही लिहायचंच नाही, फक्त खोट लिहायची. "मधला कागद नाही." "शेवटचं पान फाटकं, टेप लावलीय." "आत पेनने नाव." "लायब्ररीचा शिक्का तीन ठिकाणी." शेजारचा टेबलवाला हसला मला, म्हणाला तुम्ही विकायला आलाय की तक्रार नोंदवायला. हसू दे. जो माणूस पन्नास वर्षांपूर्वीचा कागद विकत घ्यायला उभा आहे त्याला माहीतच आहे की त्यात काहीतरी गेलेलं असणार, ते काय गेलंय एवढंच त्याला शोधायचं असतं, आणि ते तुम्ही आधीच सांगितलंत तर तो शोधायचं सोडून अंक बघायला लागतो.

तुमच्या वडिलांच्या मालात आणखी एक भानगड असणार, बाइंडिंग. लायब्ररीवाले टिकावं म्हणून पाच-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा लावायचे आणि प्रेसवाला तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर मारायचा, की कडा कशा सरळ आल्या बघा! त्या सरळ कडेसोबत अंकाचा समास गेला, कधी कधी चित्रातला हात किंवा फुग्यातली शेवटची ओळही गेली. असला गठ्ठा सोडवून सुटे अंक करून विकायला जाऊ नका, दोऱ्याची भोकं दिसतातच आणि मग लोकांना वाटतं तुम्ही लपवाछपवी करताय. गठ्ठा गठ्ठा म्हणूनच विका. चांदोबाचे गठ्ठे तर असेच जातात. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला, त्याच्या जुन्या अंकांना घेणारा जो असतो तो वाचायलाच घेतो, त्याला कडेचं काही पडलेलं नसतं.

आता टेबलाचं. मोठ्या कॉमिक कॉनमध्ये अख्खा स्टॉल घ्यायचा विचारसुद्धा करू नका, ते भाडं टीशर्ट आणि खेळणी विकणाऱ्यांना परवडतं. छोटी टेबलं असतात ती स्वतः चित्रं काढणाऱ्या पोरांसाठी असतात, तिथे जुना माल मांडायचा नसतो. मी एका पुस्तकवाल्याच्या स्टॉलमध्ये कोपरा घेतो, भाड्यात वाटा देतो आणि तो जेवायला गेला की त्याचं गिऱ्हाईक बघतो. एवढं करूनही रेल्वे, लॉज, मेट्रो, दोन दिवसांचं खाणं धरलं तर पहिल्या वर्षी मी घरचे पैसे घालूनच आलो, बायकोला अजून बरोब्बर आकडा सांगितलेला नाही. आणि हे आपलंच रडगाणं आहे असं समजू नका. अमेरिकेत सॅन दिएगोचं कॉमिक कॉन १९७० मध्ये एका हॉटेलात सुरू झालं, सुरुवातीला माणसं शंभर-तीनशे, आणि जुनी कॉमिक्स विकणारे हेच तिथले मानकरी. आता तिथे लाखाच्या वर माणूस लोटतो. आणि तिथे ४४ वर्षं माल मांडणाऱ्या एका मोठ्या कॉमिक्स विक्रेत्याने २०१७ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून जायचं थांबवलं. नावात कॉमिक राहिलं आणि कॉमिक विकणारा बाहेर पडला.

आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीत दिल्ली हाटला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी बेंगळूरला आलं. तिथली गर्दी बघितली तर तुम्हाला जत्राच वाटेल. स्पायडरमॅन घामाघूम होऊन बाटलीने पाणी पितोय, जपानी कार्टूनमधल्या निळ्या केसांच्या पोरी सेल्फी काढतायत, पोस्टर आणि कीचेनला रांगा, आणि तुमच्या जुन्या कागदापुढे अर्धा अर्धा तास कुणी नाही. मग एकदम एक चाळीस-पंचेचाळीसचा माणूस पोराचा हात धरून जाता जाता थबकतो आणि "अरे, वेताळ!" असा ओरडतो की पोरगं घाबरतं. हे आपलं गिऱ्हाईक. गेल्या वेळी अशाच एकाच्या पोराने, दहा-बारा वर्षांचं असेल, फोनवर बघून बापाला दुरुस्त केलं की फॅन्टम बंगाल्लात राहतो, बाप म्हणाला हट, डेंकालीत राहतो. दोघांचं बरोबर होतं. मूळ कॉमिकमधलं नाव आपल्या बंगालसारखं वाटायला नको म्हणून इंद्रजालवाल्यांनी ते बदलून डेंकाली केलं होतं. मी ते सांगितलं, बाप पोराकडे बघून असा हसला जसं काही सातबारा त्याच्या नावावर झाला. अंक मात्र घेतला नाही. म्हणाला घरी जागा नाही. असले खूप येतात, उभे राहतात, वास घेतात, आपल्या आजोळची गोष्ट सांगतात आणि जातात. त्यांच्यावर चिडू नका, खरं खुर्ची पण देऊ नका.

आणि कुणीतरी कव्हरवर बोट ठेवून "यावर तर ६० पैसे लिहिलंय" असं म्हणणारच. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल निघालं तेव्हा किंमत तेवढीच होती. मी आता "६० पैशाचं नाणं काढा, देतो" म्हणतो.

तुम्हाला एक फायदा आहे जो बेंगळूरच्या विक्रेत्याला नाही. आपल्या भागातल्या रद्दीत मराठी आणि कन्नड दोन्ही निघतं. कन्नड चंदमामा १९४९ पासून निघत होता, आपल्या चांदोबाच्या आधी, आणि बेळगावच्या कुठल्याही जुन्या गठ्ठ्यात दोन्ही एकत्रच सापडतात कारण वाडाच तसा होता, वरच्या माळ्यावर एक घर, खाली दुसरं. बेंगळूरला माझ्या टेबलावर एक धारवाडकडचे आजोबा आले, "एष्टु?" (कितीला?) म्हणाले, मी भाव सांगितला, "कडिमे माडी" (कमी करा) म्हणाले, मी कडिमे माडलं, आणि ते सात अंक घेऊन गेले, वर मला आपल्या बायकोच्या हातची शेंगदाण्याची चटणी पण दिली. दोन्ही भाषेतला एकच महिना शेजारी शेजारी लावून ठेवलात तर लोक थांबतातच.

तर माझं म्हणणं, पहिल्या वर्षी ट्रंक नेऊच नका. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बेंगळूर गाठा, मेजेस्टिकवरनं जांभळ्या लाइनची मेट्रो सरळ कॉन भरतं त्या व्हाइटफिल्डकडे जाते, तिकीट काढून आत जा, विकणाऱ्यांशी बोला. दुसऱ्या दिवशी चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारा, तिथे कसला माल कितीला उभा आहे ते बघा. सोबत फार तर वीस अंकांचे फोटो ठेवा. आणि एक सांगू का, वडिलांच्या हातचा रजिस्टर नंबर आणि शिक्का असलेले दहा-पंधरा अंक बाजूला काढा. शिक्क्यामुळे तसाही त्यांना भाव कमी येणार, मग विकायचे कशाला?

काका, मी निपाणीची, कॉलेजला आहे. मला जुने नागराज आणि अमर चित्रकथा जमवायच्या आहेत. मागे एका फॅन कन्व्हेन्शनला गेले तर विकणारे काका माझ्याशी बोलेचनात, माझ्या भावाशीच बोलत होते, आणि त्याला तर यातलं काहीच कळत नाही. शेवटी एक अंक घेतला आणि घरी आल्यावर कळलं की कव्हर कलर झेरॉक्स आहे. पुढच्या वेळी बजेट दोन हजार. काय करू? – एक वाचक, निपाणी

भावाला घरी ठेव. हे पहिलं.

तुझ्या पत्राची मला लाज वाटली, कारण आमच्या धंद्यात ही खोड आहेच, पोरगी आली की समजायचं कुणाला तरी गिफ्ट द्यायला आलीय. मी पण केलंय. एका मुलीला मी पंधरा मिनिटं लहान पोरांची पुस्तकं दाखवत होतो आणि ती शेवटी म्हणाली, अंकल, तुमच्याकडे गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला बहादूर आहे का? आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालचा हा देशी हिरो बहादूर उभा केला हे मला माहीत होतं, चित्रं कुणाची ते त्या दिवशी तिने सांगितलं.

कव्हरचं सांगतो. झेरॉक्स कव्हर ओळखायला भिंग वगैरे असेल तर उत्तमच, जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ठिपके वेगळे दिसतात, झेरॉक्समध्ये ते गिजबिज होतात आणि वर एक तेलकट चमक असते. भिंग नसेल तर पिना बघ. जुनी पिन गंजतेच, आणि तिचा तपकिरी डाग कव्हरपासून मधल्या पानापर्यंत सगळ्यांना सारखा लागतो. आतल्या पानांवर गंजाचा डाग आहे आणि कव्हर त्या जागी पांढरं शुभ्र, तर ते कव्हर त्या अंकाबरोबर म्हातारं झालेलं नाही, मागाहून लग्न करून आलंय. पिन नवी चकचकीत आणि कागद पिवळा असेल तर सरळ विचार, पिन कुणी बदलली? जो विकणारा पिशवीतनं अंक काढू देत नाही त्याच्याकडे घ्यायचंच नाही, कितीही गोड बोलू दे. तू स्वतः काढायचा नाही मात्र, त्याला काढायला सांग आणि टेबलावर ठेवून उघड, हवेत धरून नाही.

दोन हजारात काय घ्यायचं ते आधी ठरवून जा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात पैसे संपतात आणि मग उरलेला दिवस दुसऱ्यांच्या पिशव्या बघत फिरायचं. मला विचारशील तर चित्रकार धर. नागराज १९८६ मध्ये आला तेव्हा त्याची पहिली चित्रं प्रताप मुळीकांची, आणि त्याच मुळीकांनी अमर चित्रकथेच्या कितीतरी गोष्टी काढल्यात. म्हणजे तुझे दोन्ही छंद एकाच हाताचे आहेत. एकाच माणसाने साप गुंडाळलेला सुपरहिरो आणि पागोटं घातलेला राजा कसा काढला ते शेजारी ठेवून बघ, यापुढे मला नंबर जमवणाऱ्यांची मजा कळत नाही.

घासाघीस कधी करायची? सकाळी दार उघडल्या उघडल्या नाही. तेव्हा विकणारा ताजा असतो, आणि खरा चांगला माल तर आदल्या संध्याकाळीच मांडामांड करताना विकणाऱ्यांनी आपापसात बदलून घेतलेला असतो, हे बाहेर कुणी सांगत नाही, मी सांगतो. शेवटच्या दिवशी चारनंतर जा. तेव्हा प्रत्येकाला परतीचं ओझं दिसायला लागतं. एकाच टेबलावरचे पाच-सहा अंक बाजूला काढ आणि सगळ्यांचे मिळून किती विचार. एकेकाला दहा-दहा रुपये कमी करत बसलीस तर माणूस वैतागतो. आणि जे जिवापाड पाहिजे ते मात्र दिसल्याक्षणी घे, चारची वाट बघू नकोस, मी अशी वाट बघून जे घालवलंय ते लिहायला हा कॉलम पुरायचा नाही.

अमर चित्रकथेचा नंबर १ ते १० चा सेट आहे असं सांगून एकाने मला पंधरा हजार सांगितले. फोटोत "कृष्ण" वर ५०१ नंबर दिसतो. तो म्हणतो ५०१ म्हणजे स्पेशल. घ्यावं का? – एक वाचक, गोकाक

नको. आपल्याच कर्नाटकातल्या कार्कळचे अनंत पै, त्यांची ही मालिका १९६७ ची. पहिले दहा नंबर सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे होते, आणि आपण जिला अमर चित्रकथा म्हणून ओळखतो ती ११ नंबरच्या "कृष्ण" पासून सुरू होते, चित्रं राम वाईरकरांची. पुढे नव्याने छापताना नंबर बदलले आणि तोच "कृष्ण" ५०१ झाला. म्हणजे ५०१ हा नंतरचा, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्यातला. त्याला फक्त एवढंच विचारा की १ नंबरच्या अंकात गोष्ट कुठली आहे. तो जर देवादिकांची सांगायला लागला तर पंधरा हजारात गोकाकच्या करदंटाचे किती डबे येतात त्याचा हिशोब करा.

आमच्याकडे खानापूरला पाऊस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. कॉमिक्सना पांढरी बुरशी येते, काहींना कसर लागलीय. डांबरगोळ्या टाकतो. कन्व्हेन्शनला नेलं तर लोक वासानेच पळतात. उपाय? – एक वाचक, खानापूर

डांबरगोळ्या काढा, तो वास कागदातनं वर्षभर जात नाही आणि तुम्ही म्हणता तसं गिऱ्हाईक दोन हातांवरनंच वळतं. मुळात जुन्या कॉमिकचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाचा लगदा, त्यातल्या लिग्निनमुळे तो ऊन आणि हवा लागून पिवळा होऊन कुरकुरीत होतोच, ते आपल्या हातात नाही. ओल आपल्या हातात आहे. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला चिकटवून तर अजिबात नको, खाली दोन विटा आणि फळी. पोटमाळा पण नको, कौल गळलं की संपलं. आमच्या आजीने वेखंडाच्या काड्या आणि सुकवलेला कडुनिंब घातलेली पुस्तकं मी अजून वापरतोय, कापडाच्या पुरचुंडीत बांधून घाला म्हणजे कागदाला डाग पडत नाही.

कसर लागलेले अंक घट्ट पिशवीत हवा काढून बंद करा आणि सरळ फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा (घरी विचारून). बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तसंच राहू द्या, नाहीतर पिशवीबाहेर सुटणारं पाणी कागदावर बसतं. बुरशी ओली असताना पुसायची नाही, फासली जाते, पंख्याखाली सावलीत सुकवून मग मऊ ब्रशने, तोंडाला रुमाल बांधून झाडा. फाटलेल्याला सेलोटेप लावाल तर मला पत्र लिहू नका. ती टेप दहा वर्षांनी पिवळी होऊन गळून पडते आणि डिंक मात्र राहतो. पिशव्या पॉलीप्रॉपिलीनच्या घ्या, साड्यांच्या किंवा किराण्याच्या नकोत. आणि जून ते सप्टेंबर पिशवीची तोंडं चिकटवून टाकू नका, आत गेलेली ओल आतच कुजते. दिवाळीनंतर कोरड्या हवेत सगळं एकदा बाहेर काढून मग बंद करा.

अमेरिकेत कॉमिक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून मार्क देतात म्हणे. आपल्या इंद्रजालचं तसं करून घेतलं तर? – एक वाचक, चिकोडी

सीजीसी नावाची कंपनी २००० पासून ते करते, अर्ध्यापासून दहापर्यंत मार्क. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९३८ चा दहा सेंटचा अंक साडेआठ मार्कांचा होता, तो २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेला. त्या आकड्यांना डबी शोभते. तुमच्या अंकाला परदेशी पाठवायचा खर्चच अंकापेक्षा जड होईल, आणि एकदा डबीत गेला की उघडून वाचता येत नाही. इंद्रजालचे आठशेच्या वर अंक निघाले, १९९० पर्यंत, त्यातला एखादा न वाचता ठेवायचा तर मग तो कसला जमवणारा हो! अर्थात हे माझं मत. अमेरिकेतल्या डबीवाल्याचं म्हणणं असतं की दोन अनोळखी माणसांत मधलं पान आहे की नाही यावरनं भांडण होऊ नये म्हणून तिसऱ्याने मोजून सील मारलेलं बरं, आणि तेही अगदीच चूक नाही.

दादा, तुमचा कॉलम माझ्या घरी फार आवडीने वाचला जातो, माझ्याकडून नाही. मिस्टर दर वर्षी ऑफिसच्या कामाला बेंगळूरला जातो म्हणून सांगतात आणि येताना कॉमिक्स आणतात, विचारलं तर "जुनीच आहेत" म्हणतात. जुनीच असणार की, नवीन थोडीच आहेत! देवघराच्या वरचं कपाट भरलं, दिवाणाखाली भरलं. किती आहेत विचारलं तर हसतात. ही माणसं कधी थांबतात का? – एक वहिनी, वडगाव

वहिनी, नमस्कार. थांबत नाहीत.

खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू माहीत आहेत, मी विकतो पण आणि माझ्या घरीही हेच पत्र रोज तोंडी मिळतं. "जुनीच आहेत" हे वाक्य मी स्वतः वापरलंय. आमच्या टेबलावर येणारा प्रत्येक दुसरा माणूस पैसे देताना म्हणतो, "बिल नको हां," आणि काही जण तर कॉमिक्स ऑफिसच्या फायलीत घालून नेतात. एक गृहस्थ वर कुंद्याचा डबा ठेवून खाली अंक लपवतात, आणि बेळगावचा माणूस बेंगळूरहून बेळगावचाच कुंदा कसा काय घेऊन आला हे घरी कुणाच्या लक्षात येत नाही असं त्यांना वाटतं.

त्यांना रागावून उपयोग नाही, यादी करायला लावा. रविवारी दुपारी वही घेऊन समोर बसवा, अंकाचं नाव, नंबर, कितीला घेतला, काय खोट आहे. यात दोन गोष्टी होतात. एक, तोच अंक तीन-तीनदा घेतलाय हे त्यांनाच कळतं (हे सगळ्यांच्या घरी निघतं, माझ्याकडे वेताळाचा एकच अंक पाच वेळा निघाला), आणि जास्तीचे विकून टाकता येतात. दोन, उद्या बरं-वाईट झालं तर तुम्हाला रद्दीवाल्याला किलोवर घालायची वेळ येत नाही. वरच्या शहापूरच्या वाचकांचं पत्र बघा, वडिलांनी यादी केली असती तर त्यांना मला पत्र लिहायलाच लागलं नसतं.

मग एक दिवाण त्यांचा, बाकी घर तुमचं, असा कागदावर करार करा. देवघराच्या वरचं कपाट मात्र रिकामं करून घ्याच, समईच्या काजळीने कव्हरं काळी होतात.

आणि "काय खोट आहे" त्या रकान्यात ते काय लिहितात तेवढं बघा, दिवाणाखालच्या एका अंकापुढे "मधला कागद नाही" असं लिहिलेलं असेल. वडगावचं माझं गिऱ्हाईक एकच आहे, तो अंक मीच दिलाय. चिठ्ठी लावून दिलाय.